लोटा किती वर धरायचा

१२ एप्रिल १९७३

ही डायरी रंगवाल्या शेठनं दिवाळीला माझ्या बाला दिली होती. बाला लिहायचं काही नसतं, म्हणून ती फळीवर पडून होती. आज माय म्हणाली, घे तुला, नाहीतर उंदीर खातील. जानेवारीपासूनची पानं कोरीच राहणार आता. राहू देत.

माझं नाव केशर. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, मला सतरावं लागेल. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच जायची थांबले. बाई उभं राहून वाचायला लावायच्या आणि माझा आवाज गळ्यातच राहायचा. त्याच साली घरी बॉबिन भरायचं काम आलं, म्हणून कोणी ओरडलं पण नाही. बॉबिन भरताना बोलावं लागत नाही.

छगन माझ्यापेक्षा लहान, नववीला. त्याला बोलता येतं. पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाची वादविवादाची स्पर्धा आहे. विषय, माणूस कष्टानं मोठा होतो की संधीनं. छगन कष्टाच्या बाजूनं. तो बोलत फिरतो आणि मी चांगल्या अक्षरात उतरवून देते, कारण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. भाषणात बा आहे. अनवाणी सुरतेला आलेला, सांच्याखाली झोपलेला, आणि आज आख्ख्या खात्याचा मुकादम. सांचा म्हणजे माग, आणि खातं म्हणजे मागांचा कारखाना. मंडळाच्या लोकांना मागच म्हणायचं, असं छगन म्हणाला, म्हणून मी खोडून माग केलं.

बानं ते ऐकलं आणि डोळे पुसले. मग म्हणाला, "चप्पल होती माझ्या पायात. पण अनवाणीच ठेव, चांगलं वाटतं."

१८ एप्रिल

गावाकडं पाणी नाही, पीक नाही. भुसावळ पॅसेंजरमधून रोज लोक उधन्याला उतरतात आणि गाठोडी डोक्यावर घेऊन आमच्या नवागामला चालत येतात. कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी साडू इथं असतोच. आज रेल्वे फाटकापाशी एक बाई चक्कर येऊन पडली. भगवंत काका तिथून पाळीवरून येत होता. त्यानं तिला लिंबाखाली आणली आणि डब्यातलं पाणी पाजलं.

भगवंत काका बाच्या गावचा. बाच्याच खात्यात सांचा चालवतो. त्याचं घर मागच्या ओळीत. ते लोक बौद्ध झालेत. गावात त्यांची वस्ती लांब होती म्हणे. इथं तर मधे फक्त एक मोरी आहे.

संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. मायनं चहा दिला. म्हणाला, "पंडित, त्या लिंबाखाली एक रांजण ठेवू आपण. गुजराती लोक परब बांधतात तशी पाणपोई. आपले लोक तहानेनं पडायला लागले."

बाला पटलं. बा म्हणाला, "आपण उपाशी राहून वर आलो, भगवंता. आपल्याला नाही कळणार तर कोणाला कळेल?"

रांजण भगवंत काका आणणार. लोटा, घागर आणि वरचा मांडव आमचा.

२२ एप्रिल

पाणपोईवर कोण बसणार यावरून बोलणं झालं. बायका कामाला जातात. पोरं टिकत नाहीत. तेवढ्यात चंपाआजी आली. भगवंत काकाची म्हातारी माय ती. मोरी ओलांडून आली आणि ओट्याखालीच उभी राहिली. ती नेहमी ओट्याखालीच उभी राहते, गुडघे दुखतात म्हणून असेल.

म्हणाली, "मी बसस तठे. पानी मी वाटसू."

बा म्हणाला, "आजी, दिवसभर बसवेल का तुम्हाला?"

"जलमभर वरथीन पडेल पानी पिनू. आते मी देसू."

भगवंत काका हसला नाही. बा म्हणाला, "बसा ना मग, तुमचंच आहे." माय आत गेली आणि डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिली.

चंपाआजीनं मला बोलावून विचारलं, "केशर, लोटा पितळना ना?" मी मान हलवली. ती इतकी खूश झाली जसं काही तिला घरीच न्यायचा आहे.

५ मे, आखाजी

सकाळी बानं त्याच्या बाच्या नावानं घागर भरली. तिच्यावर खरबूज ठेवलं. पुरणाचं जेवण झालं. भगवंत काकाकडं आता घागर भरत नाहीत. पण चंपाआजी म्हणाली, पाणपोईचा रांजण हीच यंदाची घागर.

दुपारी पाणपोई सुरू झाली. बानं नारळ फोडला. मी नळावरून घागरी आणून रांजण भरला. आजीनं हिरवं लुगडं नेसलं होतं, आजच घडी मोडलेली दिसत होती. तिनं हात इतक्या वेळा धुतले की बा म्हणाला, "आजी, पाणी पाजायचंय का हातालाच संपवायचंय?" सगळे हसले. ती पण हसली.

पॅसेंजर आली. लोक फाटकातून येऊ लागले आणि आजी ओतायला लागली. पण तिला ओतता येईना. लोटा ती डोक्याच्या वर धरायची. पाणी लोकांच्या ओंजळीत कमी आणि कोपरावरून लुगड्यात जास्त जायचं. एक बाई म्हणाली, "अवं माय, पानी देतेस का आंघोळ घालतेस?" आजी घाबरली आणि लोटा अजून वर नेला.

मला वाटलं म्हातारपणानं हात ताठ झाला असेल. मी काही बोलले नाही, नुसता तिचा हात धरून खाली आणला, समोरच्या माणसाच्या ओंजळीच्या जरा वर.

तिनं माझ्याकडं बघितलं. "इतलं जवळ चालस?"

मी मान हलवली. पाणी द्यायला असं काय शिकवायचं, पण संध्याकाळपर्यंत तिला जमलं. मधेच विसरायची, लोटा वर जायचा, मग आपणच खाली आणायची.

६ मे

आजी माझ्या आधीच येऊन बसली होती. तिनं झाडाखालची जागा झाडून घेतली, सडा टाकला, रांगोळी पण काढली. आता ती लोकांना विचारते, कोण गाव, किती दिवस उपाशी. मी विचारू शकले नसते. आम्ही दोघी असलो की मला बरं वाटतं, कारण बोलायचं काम तिचं.

८ मे

सुकलाल काका आला. बाचा चुलतभाऊ, बापेक्षा मोठा. बा पहिल्यांदा सुरतेला आला तेव्हा काकानंच त्याला आपल्या मेव्हण्याकडं पाठवलं होतं, आणि मेव्हण्यानं सांच्यावर लावलं. बा हे नेहमी सांगतो. आता काकाचीच विहीर आटली. बा त्याला घ्यायला उधन्याला गेला होता.

दोघं फाटकातून आले. काकाचा चेहरा उन्हानं काळा पडला होता. गाठोडं खाली टाकून तो ओंजळ करून वाकला. चंपाआजीनं लोटा भरला होता. काकानं वर पाहिलं आणि ओंजळ तशीच राहिली.

"हाई भगवंतनी माय, चंपी ना?"

आजी उठली. कोणी उठ म्हणालं नव्हतं. पदर पुढं ओढला, लोटा रांजणाच्या झाकणावर ठेवला आणि मागं सरकत सरकत उन्हात जाऊन उभी राहिली.

काका बाला म्हणाला, "पंडित, तू आमले कोना हातनं पानी पाजी राहिना?" हळूच म्हणाला, भांडण नाही केलं. मागून येणारे दोघं तिघं गावचे होते, ते पण थांबले.

बानं काकाचं गाठोडं उचलून मांडवात ठेवलं. मग म्हणाला, "आजी, ऊन फार चढलं. तुम्ही घरी जा, आराम करा. तुमचे हात दुखतात. केशर आहे इथं."

"मना हात काय दुखत नही," आजी म्हणाली. पण गेली.

बानं बरोबर ओळखलं, तिला थकल्यासारखं झालं होतं. मी लोटा घेतला. काका माझ्या हातून खूप पाणी प्याला. रांजण भगवंत काकाचा आहे, हे त्याला माहीत नसेल. रांजण कोणाचा ते कोणी विचारत नाही.

९ मे

आजी आली नाही. आता मी दिवसभर पाणपोईवर, बॉबिनचं काम माय संध्याकाळी करते. छगनला भाषण पाठ करायचं आहे.

लोक ओंजळ करायच्या आधी विचारतात, "तू कोनी पोर शे वं?" कालपासून विचारायला लागले. आधी आजीला कोणी विचारलं नव्हतं. काकानं वस्तीत सांगितलं असेल. मला उत्तर द्यायला लागतं. बानं शिकवलं आहे, "पंडितची पोर, एवढंच सांग, पुढचं त्यांना कळतं." मी सांगते. घाम फुटतो, पण सांगते. मग ते पितात.

११ मे

आज ओट्यावर बा आणि भगवंत काकाचं बोलणं झालं. सुकलाल काका बाहेर गेला होता. छगन आणि मी आत होतो. जसं ऐकलं तसं लिहिते.

भगवंत काकानं चहा घेतला नाही. म्हणाला, "माझ्या मायला आराम द्यायला मी सांगितलं होतं का तुला?"

बा म्हणाला, "भगवंता, गावचे लोक आहेत, उपाशी-तापाशी आले. त्यांना आता सुधारत बसू का पाणी पाजू? चार दिवस जाऊ दे. मी मानतो का काही? माझ्या डब्यातली भाजी तू खातोस."

"तुझ्या डब्यातली मी खातो. माझ्या डब्यातली तू कधी खाल्ली?"

"तुझी तिखट असते!"

भगवंत काकाला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. बा चिडला. म्हणाला, "मला नको शिकवू. मी काय गादीवर जन्मलो? लोकांची गुरं राखली. इथं येऊन सांच्याखाली झोपलो. मला कोणी काही दिलं नाही. जे केलं ते या मनगटांनी केलं."

"तू राबला. मी नाही कुठं म्हणतो? पण तू सकाळी शाळेत जायचा तेव्हा मी कुठं असायचो?"

"तुला शाळेची आवडच नव्हती."

"मी विहिरीवर असायचो, मायसोबत. आम्हाला दोराला हात लावायचा नव्हता. मडकं खाली ठेवून बसायचं. तुमच्यातली कोणी बाई येईल, तिला दया येईल, ती वरून ओतेल. दया यायला दुपार व्हायची, पंडित. तोवर तुझी शाळा सुटलेली असायची. तू तीन यत्ता शिकला. त्या तीन यत्तांवर तुला चिठ्ठी वाचता आली आणि शेठनं मुकादम केलं. सांचा तर मी तुझ्यापेक्षा चांगला चालवतो."

"ते खरं आहे," बा म्हणाला. "मग मी काय करू? माझ्या तीन यत्ता परत देऊ?"

"परत नको देऊ. फक्त कोणी काही दिलं नाही, असं म्हणत जाऊ नको. सुकलालनं तुला मेव्हण्याकडं पाठवलं. मला कोणाकडं पाठवणार होता कोणी? मी इथं खोली मागायला गेलो तेव्हा आडनाव गिळून मागितली."

"रांजण परत नेणार का?"

"पाणपोईचा रांजण परत नेतात का कोणी? दिलं ते दिलं." मग उठताना म्हणाला, "तुम्ही लोक दया करता, ती चांगली करता. फक्त लोटा तुमच्या हातात पाहिजे."

तो गेल्यावर छगन हळूच म्हणाला, "हे संधीच्या बाजूचे मुद्दे आहेत. चांगले आहेत." मी कागद पुढं केला. तो म्हणाला, "आता नको. पाठ झालंय सगळं."

मला वाटलं होतं बानं आजीला आराम दिला ते चांगलंच केलं. आता मागचं पान वाचलं. तिनं हात दुखत नाही असं म्हटलं होतं, ते मीच लिहिलेलं आहे.

१३ मे

छगनचा दुसरा नंबर आला. पेन मिळालं. मला जायचं होतं, पण पाणपोईवर कोणीतरी पाहिजे. माय सांगत होती, अनवाणी पायांच्या ठिकाणी लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यानं पाणपोईचं पण जोडलं, की कष्टानं मोठा झालेला माणूस तहानलेल्याला जात विचारत नाही. सुकलाल काकानं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. बानं वाजवल्या नाहीत. माय म्हणाली, बाचं लक्षच नव्हतं.

जुनं पेन छगननं मला दिलं. त्यानंच हे लिहिते आहे. जरा गळतं.

१४ मे

दुपारी एक म्हातारा आणि त्याचा मुलगा आले. म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनी पोर तू?"

माझा आवाज आला नाही. शाळेत व्हायचं तसं झालं. मी लोटा भरून पुढं धरला. त्यानं परत विचारलं. मी लोटा तसाच धरून उभी. मुलगा म्हणाला, "मुकी शे वाटतं." म्हातारा तसाच गेला. मुलगा दोन पावलं गेला, परत आला, ओंजळ केली आणि गटागटा प्याला. जाताना बापाला म्हणाला, "पानी सारखंच शे."

नंतर ज्यांनी विचारलं त्यांच्यापुढं पण आवाज आला नाही. काही गेले, बरेच प्याले. ऊन फार आहे.

१५ मे

बा रागावला. "पंडितची पोर, एवढे दोन शब्द नाही निघत तुझ्या तोंडातून? लोक तहानलेले जातात. त्यांचं पाप कोणाला?"

मी मान खाली घातली. बाला माहीत आहे मी अशीच आहे. सुकलाल काका म्हणाला, "पोरगी लाजाळू शे. मी बसस तिनाजोडे, मी सांगसू." बा म्हणाला, "नको, तुम्ही काम बघा." काका अजून कामाला लागला नाही. बानं दोन ठिकाणी शब्द टाकला आहे.

१७ मे, बुद्ध पौर्णिमा

मागच्या ओळीत सकाळपासून गाणी चालू होती. दुपारी चंपाआजी खिरीचं पातेलं घेऊन आली. पांढरं लुगडं. रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना ते लोक आज खीर देतात. तिनं पानावर मला खीर दिली आणि लिंबाखाली बसली, माझ्यापासून जरा लांब.

फाटक पडलं. पॅसेंजर येऊन गेली. फाटकाच्या पलीकडं लोक जमले होते, त्यांत बा आणि सुकलाल काका पण होते. बा त्याला कारखाना दाखवून आणत होता.

रांजण निम्मा होता. मी घागर उचलली. लोटा आजीपुढं धरला. तिनं घेतला नाही.

"तुना बा रागवी."

मी लोटा तिच्या मांडीवर ठेवला आणि नळावर गेले. नळाला गर्दी नव्हती, तरी मी घागर सावकाश भरली.

आले तेव्हा आजी उभी होती, लोटा हातात. समोर सुकलाल काका. ओठ पांढरे पडलेले. बा त्याच्या मागं, बाकीचे लोक बाच्या मागं. काका मला म्हणाला, "केशर, तू दे वं."

मी घागर रांजणात रिकामी केली. लोटा घेतला नाही.

"केशर!" बा म्हणाला.

मी बाच्याकडं बघितलं. मी रिकामी घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसले. काका थोडा वेळ थांबला, मग घराकडं निघाला. बा त्याच्यामागं गेला नाही. तो तिथंच मांडवाचा बांबू धरून उभा राहिला, जसा काही तो पडणार आहे.

मागून एक बाई आली, कडेवर पोर. तिनं काही विचारलं नाही. पोराला खाली ठेवून ओंजळ पुढं केली. आजीचा हात वर गेला. मग आपणच खाली आला, पार त्या बाईच्या बोटांना लोटा लागेल इतका. खाली एक थेंब पडला नाही. मग बाकीचे आले. दोघं गेले तसेच. मी मोजत नव्हते.

घरी जेवताना बानं मला विचारलं, "उद्या कोण बसणार?"

"चंपाआजी," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, सुकलाल काकानं पण. बानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेवला, परत उचलला. मायला म्हणाला, "उद्या बारदान काढून दे एक. आजी मातीवर बसते, खाली तापतं."

काका जेवणावरून उठला.

१८ मे

सुकलाल काकानं सकाळी गाठोडं बांधलं. कडोदऱ्याला गावचं कोणी आहे, तिकडं जातो म्हणाला. बा त्याच्या पाया पडला. "दादा, राहा." काका म्हणाला, "तू मोठा माणूस झालास आता." बा ओट्यावर बसून राहिला. पाळीला उशीर झाला तरी बसून होता. जाताना भगवंत काकाच्या घरावरून गेला, आणि दोघं बरोबर गेले. काही बोलत नव्हते.

सुकलाल काका फाटकावरूनच निघाला, दुसरा रस्ता नाही. ऊन आतापासूनच होतं. आजी बारदानावर बसली होती. तिनं लोटा भरला, उठली आणि दोन पावलं पुढं आली.

"सुकलालभाऊ, पानी पिसन जाय. ऊन शे."

काका थांबला. गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. लोट्याकडं बघितलं. मग फाटक ओलांडून गेला.

मला वाटलं आजीला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "जाऊ दे. कडोदराथीन येवाना रस्ता हाऊच शे."

लोटा भरलेलाच होता. तिनं त्यातलं पाणी ओतून दिलं नाही. आधी मला दिलं, उरलेलं आपण प्याली. मग पॅसेंजरची शिटी ऐकू आली आणि मी घागर घेऊन नळावर गेले.